मिशेल 300 च्या लेखाखालच्या कमेंटला उत्तर

नमस्कार. तुमची कमेंट मोठी होती आणि मनापासून लिहिलेली होती, म्हणून खाली दोन ओळी टाकून मोकळं न होता वेगळं लिहितोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, यांचं म्हणणं असं की जुन्या स्पिनिंग रीलचं (गळाचा दोर गुंडाळायचं, हँडलने फिरवायचं यंत्र) कौतुक म्हणजे निव्वळ नॉस्टॅल्जिया, आज 3000 रुपयात दहा बेअरिंगची रील येते, तिच्यापुढे मिशेल 300 ही जुनी फ्रेंच रील जड, स्लो आणि खडखड करणारी, आणि असले लेख वाचून नवीन पोरं जुनी रील घेतात नि लागलेला मासा घालवतात. शेवटी असंही लिहिलंय की काकांची एक मिशेल माळ्यावर पडलीय, ती भंगारातच जाणार. काकांच्या रीलकडे नंतर येतो.

आधी जे तुमचं बरोबर आहे ते. मिशेल 300 चा रेशो, म्हणजे हँडलच्या एका फेरीत दोर गुंडाळणारा भाग जितक्या फेऱ्या घेतो तो आकडा, चारच्या आत, आजच्या रीलचा पाच-सहा, त्यामुळे लूर (खोटं आमिष) पटापट ओढायचा असेल तर मनगट दुखेपर्यंत फिरवावं लागतं. ब्रेडसाठी, म्हणजे विणलेल्या दोरासाठी, ती बनलेलीच नाही, तंगूस (नायलॉनचा एकपदरी दोर) भरूनच वापरायची. सुरुवातीच्या मिशेलचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढायला लागला की दोर आवरत सोडणारा ब्रेक, एकसारखा सुटत नाही, धक्के देतो, आणि मोठा मासा पळायला लागला की तो धक्का महागात पडतो. हँडलची बाजू बदलता येत नाही, 300 डाव्या हाताने फिरवायची, उजव्या हाताने हवी तर 301 वेगळी शोधायची. आणि खाऱ्या पाण्याचं म्हणाल तर खुद्द कंपनीनेच त्यासाठी 302 हे मोठं मॉडेल वेगळं काढलं होतं, तेव्हा समुद्रकाठच्या खडपावर जिताड्यासारख्या मोठ्या माशाच्या मागे 300 घेऊन जा असं मी कुणालाच सांगत नाही आणि सांगणारही नाही.

पण नॉस्टॅल्जिया हा शब्द मला मान्य नाही. आमच्या घरात रील कुणी पाहिलेलीच नव्हती, आजोबा हातगरीनेच गरवायचे, बोटावर दोर घेऊन. मिशेलशी माझी लहानपणीची एकही आठवण जोडलेली नाही. मला ती आवडली ती उघडून बघितल्यावर.

तुम्ही कधी विचार केलाय का की स्पिनिंग रील नेमकं काय करते? त्याच्या आधीच्या रीलमध्ये गळ फेकला की स्पूल, म्हणजे दोर गुंडाळलेली फिरकी, स्वतः फिरायचं, आणि अंगठ्याने वेळेत आवरलं नाही की दोर सुटण्यापेक्षा स्पूल जास्त जोरात फिरून मोठा गुंता व्हायचा. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या लोकरीच्या धंद्यातला आल्फ्रेड इलिंगवर्थ, त्याने मिलमधल्या बॉबिनवरून सूत कसं टोकाकडून सुटतं ते बघितलं आणि 1905 साली पेटंट घेतलं, की स्पूल फिरवूच नका, दोर त्याच्या काठावरून निसटू द्या. एवढीशी गोष्ट, पण त्यामुळे हलका गळ लांब जायला लागला. दोराला पीळ पडतो ही त्याची किंमत, ती आजच्या सगळ्यात भारी रीललाही मोजावी लागते. पुढे नायलॉनचा तंगूस आला आणि मग ही रील खरी पसरली.

मिशेल बनली फ्रान्समध्ये क्लुझ नावाच्या गावात, आल्प्सच्या पायथ्याला, आणि हे गाव घड्याळाच्या सुट्या भागांसाठी आणि बारीक स्क्रू कातण्यासाठी ओळखलं जायचं. कार्पानो अँड पॉन्स ही कंपनी त्याच धंद्यातली. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी मिशेल बाजारात आणली, अमेरिकेत ती गार्सिया कंपनीने विकली, आणि लाखोंनी खपली. आता हे माहीत नसतानाही तुम्ही 300 चं बाजूचं झाकण काढलंत तरी कळतं की हे करणारी माणसं घड्याळवाली आहेत. हँडल फिरवलं की मोठं गिअर फिरतं, ते रोटर, म्हणजे स्पूलभोवती फिरून दोर गुंडाळणारा भाग, फिरवतं, आणि नंतरच्या मॉडेलमध्ये आत एक छोटं गिअर दुसऱ्याभोवती फिरत स्पूलला वरखाली नेतं, त्यामुळे दोर एकाच जागी न बसता आडवातिडवा बसतो आणि स्वतःत रुतत नाही. हे सगळं डोळ्यांनी दिसतं, कुणी समजवायला लागत नाही, बोटाने हँडल हळूहळू फिरवा आणि बघत राहा. माझ्या मते ह्या रील टिकून राहिल्यात त्याचं मुख्य कारण हेच, की घेणाऱ्याला ती समजते, आणि समजली की दुरुस्त करता येते.

आता बेअरिंगचं. दहा बेअरिंग लिहिलेल्या स्वस्त रीलमध्ये ते दहा कुठे आहेत ते एकदा मोजा, काही हँडलच्या नॉबमध्ये निघतील. आणि ज्या गिअरवर सगळा भार येतो ते बऱ्याचदा ओतलेल्या झिंकचं असतं, बॉडी ग्राफाइटची, मासा जोरात ओढायला लागला की बॉडी किंचित वाकते आणि गिअरचे दात एकमेकांवर नीट बसत नाहीत. दुकानात फिरवून बघताना ती लोण्यासारखी फिरते हे खरं, पण रील दुकानात वापरायची नसते ना. माझ्याकडच्या एका नव्या रीलचं अँटी-रिव्हर्स (हँडल उलटं फिरू न देणारा भाग) दुसऱ्या पावसाळ्यानंतर स्लिप व्हायला लागलं, आत एकेरी फिरणारं रोलर क्लच असतं, त्यात ग्रीस शिरलं की रोलर पकडत नाहीत, हे मला उघडून बघितल्यावर कळलं, पण तो भाग एकटा मिळतच नव्हता, नवी रील घ्या म्हणाले. मिशेलच्या अँटी-रिव्हर्समध्ये एक खिटी आणि दाते, तुम्ही ज्याला खडखड म्हणताय तो त्या खिटीचा आवाज. ती हँडल थोडं मागे जाऊ देते, मग अडते. गैरसोय आहे, पण बंद पडायला तिच्यात फारसं काही नाही.

आणि हे फक्त मिशेलचं नाही. पेनची स्पिनफिशर 1961 ला आली, फिलाडेल्फियाची कंपनी, हिरव्या रंगाच्या त्या जुन्या मेटल रील अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर लाटांमध्ये उभं राहून स्ट्राइप्ड बास धरणारे लोक अजून वापरतात. त्यातल्या 706 ला तर बेलच (दोर पकडून स्पूलवर आणणारी तारेची कमान) नाही, दोर बोटाने उचलून लाईन रोलरवर (दोर ज्यावरून वळतो ते छोटं चाक) घालायचा, म्हणजे फेकताना बेल मधेच पडून गळ तुटायची भीती संपली, आणि मोडणारी स्प्रिंगही गेली. पेन प्रत्येक भागाला नंबर देऊन सगळे भाग सुटे काढलेलं चित्र छापायची, तो नंबर सांगितला की भाग मिळायचा. जपानात डोंगरातल्या ओढ्यांवर ट्राउट धरणाऱ्यांना स्वीडनच्या अबू कंपनीच्या कार्डिनल 3 आणि 33 या रील इतक्या आवडायच्या की ते मॉडेल पुन्हा बनवून विकायला काढलं. गेलेल्या दिवसांसाठी हळवे झालेले चार म्हातारे एखादी फॅक्टरी पुन्हा चालू करायला लावत नाहीत हो, ती रील छोट्या ओढ्यात, हलक्या लूरला खरंच चांगली चालते म्हणून लोकांनी मागितली.

नवीन पोरांना माझं सांगणं म्हणाल तर, पहिली रील नवीनच घ्या, साधी घ्या, पण धातूच्या बॉडीची घ्या. जुनी घेताय तर आधी लाईन रोलरवर नखाने बघा, खाच पडली असेल तर ती तंगूस कापणार. स्पूलचा काठ तसाच बघा. बेल उघडून हँडल फिरवा, खटकन बंद झाली पाहिजे, रेंगाळली तर स्प्रिंग गेली.

आता काकांची मिशेल. प्लीज भंगारात देऊ नका. खडखड आणि जड फिरते म्हणताय ते बहुतेक ग्रीस आहे, इतक्या वर्षांत ते सुकून आत चिकटून बसतं. स्पूल काढा, झाकण काढा, प्रत्येक भाग काढायच्या आधी मोबाईलवर फोटो घ्या म्हणजे परत बसवताना डोकं फिरणार नाही, मग जुन्या टूथब्रशने केरोसीन लावून गिअर स्वच्छ करा, पूर्ण सुकू द्या, दातांवर थोडंसंच नवीन ग्रीस, शाफ्टवर तेलाचा थेंब. जबरदस्तीने कुठलाही स्क्रू फिरवू नका, अडला तर तेल सोडून रात्रभर ठेवा. रीलच्या पायावर सिरीयल नंबर असतो, तो आणि आतला एक फोटो इथेच टाका, मी बघून कुठल्या काळातली आहे ते सांगायचा प्रयत्न करतो, आणि बेलची स्प्रिंग मोडलेली निघाली तर एक जास्तीची पडलीय माझ्याकडे, पाठवून देतो.