खाडा दिसला की आधी कापू नका, आधी विचारा

लीडरशिपवर आजकाल रोज काही ना काही वाचायला मिळते, कंपन्यांमध्ये ट्रेनिंग पण होतात, व्हिजन, टीमवर्क, मोटिव्हेशन सगळं असते त्यात. पण मी नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत पॅकिंग सेक्शन सांभाळते आणि इतक्या वर्षांनी माझं पक्कं मत झालंय की माणूस लीडर आहे की नुसता साहेब, ते हजेरी बघतानाच कळते. एखाद्याचा खाडा दिसला की त्याच्या तोंडून पहिला शब्द काय निघते? "कापा" निघते की "काऊन आली नसन?" निघते?

आमच्याकडे बऱ्याच युनिटमध्ये अजूनही चालते की तीनदा उशीर झाला की अर्धा दिवस कापायचा, सांगून खाडा केला तरी एकाचे दोन लावायचे. लोकांना वाटते हे डिसिप्लिन आहे. अरे पण जितका वेळ माणूस कामावर नव्हता तितक्याच वेळाचा पगार कापता येते, हा नियम १९३६ च्या पगाराच्या कायद्यापासूनच आहे, काही नवीन नाही. आणि कायदा सोडा, कापून हजेरी वाढलेली मी तरी कुठं पाहिली नाही. बाई फक्त एवढं शिकते की खरं कारण सांगायचं नाही, पोट दुखत होतं म्हणायचं.

आमच्या लाईनवर एक ताई आहे, हात इतका फास्ट की नवीन पोरी तिच्या बाजूला उभ्या राहून शिकतात. पण बुधवार आला की ही गायब. आधीच्या सुपरवायझरनी तिचे पैसे कापले, सगळ्यांसमोर बोलले, लेटर पण दिलं, तरी बुधवार काही सुटला नाही. माझ्याकडे सेक्शन आलं तेव्हा मी तिला केबिनमध्ये नाही बोलावलं. जेवणाच्या सुट्टीत तिच्या बाजूला डबा उघडून बसले, आधी तिच्या पोरांचं विचारलं, तिच्या डब्यातली अंबाडीची भाजी खाल्ली, आणि मग विचारलं की ताई बुधवारचं काय असते. ती थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणे, "मॅडम, बुधवारी गावचा बाजार रायते. सासूबाईले आता एकटीनं दुकान लावनं होत नाही. मंगळवारी संध्याकाळी पालक, सांबार (कोथिंबीर) तोडून ठेवतो आमी, नाही गेली त सगळा सडते." आणि बाजारच्या एका दिवसात तिला आमच्या एका दिवसाच्या पगारापेक्षा जास्त सुटतात. आता सांगा, तिनं काय करायला पाहिजे होतं?

मी तिची साप्ताहिक सुट्टी बुधवारी केली, रविवारी आमचं डिस्पॅच असतेच, तेव्हा ती येते. बस इतकंच. तेव्हा मला वरून सांगितलं गेलं की एकीला दिलं की सगळ्या मागतील. एकीनंही मागितली नाही हो! बाकीच्यांना रविवारच पाहिजे, पोरं घरी असतात, पाहुणे येतात, लग्नं असतात. ही जी "सगळे मागतील" ची भीती आहे ना, ती न विचारताच ठरवलेली असते.

आणि नागपूरकरांनी हे बाहेरून शिकायची गरजच नाही, आपल्याच गावात याचा मोठा दाखला आहे. गांधीसागरजवळ आज जिथं एम्प्रेस मॉल आहे तिथं एम्प्रेस मिल होती, जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली. मॅनेजर आणले बेझनजी मेहता, जे रेल्वेतले होते, कापड धंद्याचा अनुभव नव्हता. आणि त्यांच्यापुढे पण हाच प्रॉब्लेम होता, कामगार रोज मोठ्या संख्येनं गैरहजर! तेव्हा दंड लावणं सगळ्यात सोपं होतं, कोणी विचारणारं नव्हतं. पण तिथं बक्षिसं सुरू झाली, पेन्शन फंड आला, अपघाताची भरपाई आली, १९०१ मध्ये प्रॉव्हिडंट फंड आला. देशात कारखान्यातल्या कामगारांसाठी पीएफचा कायदा १९५२ मध्ये आला बरं का. माझे आजेसासरे त्याच मिलमध्ये होते, त्यामुळे घरात मिलचा विषय निघाला की सगळे अजूनही मानानं बोलतात.

आता कोणी म्हणेल ताई तुम्ही फारच साध्या आहात, लोकं फायदा घेतात. घेतात की. एक पोरगा होता, दर पगारानंतर चार दिवस गायब, विचारलं, समजावलं, त्याच्या आईशी बोलले, काही फरक नाही पडला तर लेटर दिलं आणि नंतर काढलाही. विचारणं म्हणजे सगळ्याला हो म्हणणं नाही. जे जमत नाही त्याला तोंडावर नाही म्हणायचं, "बघू" म्हणून लटकवून ठेवायचं नाही. मला तर वाटते विचारून मग काहीच न करणारा साहेब हा न विचारणाऱ्यापेक्षा जास्त वाईट, कारण दुसऱ्यांदा त्याला कोणी खरं सांगत नाही.

विचारायची पण पद्धत असते. मस्टर हातात घेऊन, लाईनवर, सगळ्यांसमोर विचारलं तर उत्तर खोटंच येणार. आणि पहिल्या वेळी जे सांगतात ते बहुतेक अर्धंच असते, दोन-तीन दिवस जाऊ द्यावे लागतात. उशिरा येणाऱ्या बायकांचं तर मी स्वतः एकदा सकाळी लोकमान्य नगर मेट्रो स्टेशनला उतरून बघितलं. मेट्रो वेळेवर येते, पण तिथून पुढं शेअर ऑटो भरल्याशिवाय हलत नाही. मग आम्ही त्यांची शिफ्ट पंधरा मिनिटं पुढं सरकवली आणि संध्याकाळी तेवढी वाढवली.

या सवयीनं मी घरी पण बदलले. सासऱ्यांचं संध्याकाळी फिरायला जाणं बंद झालं तर आधी मी लेक्चर दिलं असतं, शुगरचं वगैरे. या वेळी विचारलं. गल्लीच्या तोंडाशी कुत्रे असतात, अंगावर येतात, आणि हे त्यांना सांगायला लाज वाटत होती. आता माझा मुलगा सोबत जातो, आजोबा-नातवाच्या गप्पा होतात ते वेगळंच.

आता माझ्यापुढं जून आहे. मृग लागला आणि पाऊस पडला की काटोल, हिंगण्याकडच्या माझ्या अर्ध्या बायका पेरणीला जातात, आणि त्यांनी जायलाच पाहिजे, पेरणी कोणासाठी थांबत नाही. मी मॅनेजमेंटला म्हणणार आहे की मे महिन्यात माल आगाऊ बनवून ठेवू आणि पेरणीच्या दिवसांची सुट्टी आधीच नावानिशी लावू, पण मे मध्ये टेम्परेचर कधीकधी ४५ च्या वर जाते, शेडमध्ये कूलर पण हात टेकतात, तेव्हा जास्तीचं काम बायकांवर टाकणं मला बरोबर वाटत नाही. सकाळी ६ ची शिफ्ट करता येईल का, पण मग गावाकडून येणारीला तेव्हा गाडी कुठं मिळते? बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर साईडला कोणी हे जमवलं असेल तर प्लीज कमेंटमध्ये सांगा, कसं केलं, गाडी कंपनीनं लावली की बायकांनी मिळून, खर्च कोणी उचलला. मला महिनाअखेरच्या मीटिंगमध्ये हे मांडायचं आहे.