आधी पाठ बघा, मग पोती भरा

कुठे भूकंप झाला, पूर आला की दोन दिवसांत फोटो झळकतात. बॅनर लावलेला ट्रक, पुढे हसतमुख मंडळी. रस्ता संपतो तिथून पुढे माल कसा गेला, याचा फोटो मात्र क्वचितच दिसतो. आणि सगळं घोडं अडतं ते तिथेच.

२५ एप्रिल २०१५. नेपाळ, ७.८ तीव्रतेचा भूकंप. काठमांडूला मदत येऊन पडत होती, पण विमानतळाच्या एकुलत्या एक धावपट्टीला विमानांचं ओझं सोसेना, म्हणून अवजड विमानं थांबवावी लागली. गोरखाकडच्या डोंगरातल्या वाटा दरडींनी गिळलेल्या. ‘मग हेलिकॉप्टर पाठवा की!’ मि-१७ फार तर ४ टन उचलतं, उंचावर हवा विरळ झाली की तेवढंही नाही. ढग उतरले तर उडतही नाही. शेवटी संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमानं भारवाहक आणि खेचरं कामाला लावली, वाटा दुरुस्त करून घेतल्या. पर्यटक पळाल्यामुळे ट्रेकिंगवर पोट असलेली माणसं रिकामीच बसली होती. गावांत धान्य पोचलं आणि या माणसांना मजुरीही मिळाली. मला हे कुठल्याही हवाई पराक्रमापेक्षा शहाणपणाचं वाटतं.

आता पाण्याच्या बाटल्या. मदतकार्याचे स्फिअर निकष माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी धरतात. हजार वस्तीच्या गावाला म्हणजे रोज १५ टन! हे कोण वाहणार? २० लिटर पाणी शुद्ध करणारी क्लोरीनची एक गोळी मिळते. त्या १५ टनांना अशा ७५० गोळ्या पुरतात, आणि त्या एका पिशवीत मावतात. (गढूळ पाणी आधी निवळून, गाळून घ्यावं लागतं, हे तिथल्या भाषेत सांगणारं कुणीतरी सोबत हवं.)

जुन्या कपड्यांबद्दल तर बोलायलाच नको. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत रस्त्याकडेला पडलेले ते ढीग विसरलात? नको असलेला माल नुसता वाया जात नाही, हव्या असलेल्या मालाची वाट अडवतो. उतरवायला माणसं लागतात, ठेवायला छप्पर लागतं.

म्हणून हल्ली कुणी ‘ट्रक निघतोय, काय देतोस?’ म्हटलं की मी विचारतो, पोतं किती किलोचं? मागच्या वेळी उत्तर आलं, ‘पन्नासचं. भरायला सोपं पडतं.’

मी म्हटलं, रस्ता संपला की ते कुणाच्या तरी पाठीवर जाणार. पंचवीसची करा, रिकामी पोती माझ्याकडून.