चाबीले कुलूप

आमच्या आर्वी तालुक्यात लाईट जाणं ही काही बातमी नाही, तासाभरात येते, तेवढं लॅपटॉपची बॅटरी निभावून नेते. पण परवा वादळात खांब पडला आणि लाईट आली ती थेट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. तोवर लॅपटॉप मेला आणि त्याच्यासोबत एसएसएच-एजंट. एसएसएच म्हणजे घरबसल्या ऑफिसच्या सर्व्हरवर शिरायची सोय, आणि त्यासाठीची माझी चाबी म्हणजे लॅपटॉपमधली एक फाईल. तीन महिने हा एजंटच ती चाबी मेमरीत उघडून बसला होता. आता लॅपटॉप पुन्हा तिचा पासफ्रेज, म्हणजे चाबी उघडायचा पासवर्ड, मागायला लागला आणि माझं डोकं कोरं.

खाटेवर मोठेबाबा सुपारी कातरत बसले होते. मी एंटर दाबलं की त्यांचा अडकित्ता थांबायचा.

"काऊन बे, बटनं त दाबून राह्यला, उमटत काहीच नाही?"

"ते लपवलेलं असते, मोठेबाबा."

"कोनापासून? तुले त मालूम हाय ना?"

"इसरलो."

"मंग तुयापासूनच लपोलं म्हना की!"

तीनदा चुकलं, परमिशन डिनाइड. मग मीच शहाणपणा केला आणि समजावून सांगायला गेलो की पब्लिक की म्हणजे कुलूप, ते तिकडं सर्व्हरवर, चाबी माझ्याजवळ, आणि चाबी चोरीला जाऊ नये म्हणून तिलाही एक कुलूप.

"चाबीले कुलूप?"

"हो."

"आन त्याची चाबी?"

"डोक्यात."

त्यांनी माझ्या डोक्याकडं बराच वेळ पाहिलं. "मंग गेली," म्हणाले, आणि कट्‌कन सुपारी फोडली.

1995 साली फिनलंडमध्ये तातु इलोनेन नावाच्या माणसानं हे एसएसएच बनवलं, का तर विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड चोरले होते. तारेवरच्या चोराचा बंदोबस्त झाला, पण खाटेवरच्या माणसाचं काय? आणि पासफ्रेज बदलायची कमांड आहे म्हणा, पण तीही आधी जुनाच मागते. फरगॉट पासवर्ड वगैरे लाड इथं नाहीत.

नवीन चाबी मिनिटभरात बनली. साहेबांना सर्व्हरवरच्या ऑथराइज्ड-कीज नावाच्या फाईलमध्ये नव्या कुलपाची फक्त एक ओळ चिकटवायची होती, त्याला त्यांना दोन दिवस लागले, आणि ते दोन दिवस माझ्या सुट्टीत मांडले! खांब पडला तोही बहुतेक माझ्याच खात्यात.

तोवर मोठेबाबांनी पानठेल्यावर सांगून टाकलं होतं की पोरानं हापिसची चाबी हरवली. आता कोणीही विचारते, "सापडली काय?" काल एकानं तर अगदी मनापासून सांगितलं, बाजाराच्या दिवशी चाब्या बनवणारा येते, त्याले दाखवून पाहा.