प्रयोजन : हौस

जुन्या नोंदीची नक्कल मागण्याच्या अर्जात ‘प्रयोजन’ नावाचा एक रकाना असतो. मी त्यात सुवाच्य अक्षरात ‘कुटुंबाची वंशावळ तयार करणे’ असे लिहिले होते. अभिलेख कक्षातल्या लिपिकाने ते वाचले, “कोणत्या समितीपुढे?” असे विचारले, कोणत्याच नाही म्हटल्यावर “मग कोणत्या कोर्टात?” असे विचारले, आणि तिथेही काही नाही हे कळताच माझे चारही शब्द तांबड्या शाईने खोडून त्यांच्या जागी ‘हौस’ असे लिहिले. एवढ्यावर भागले असते तर मी विसरूनही गेलो असतो. पण त्याने ते शेजारच्या टेबलावरच्या बाईंना मोठ्याने वाचून दाखवले, त्या हसल्या, आणि माझ्या मागे रांगेत उभे असलेले लोकही हसले. ज्याची सारी नोकरी इतरांच्या अर्जांवर शेरे मारण्यात गेली, त्याला स्वतःच्या अर्जावरचा शेरा फार लागतो.

हे सारे ओढवले ते बॉस्टनच्या व्याह्यांमुळे. माझ्या पुतण्याची बायको आयरिश वंशाची आहे, आणि त्यांच्या मुलीला शाळेत दोन्ही बाजूंची वंशावळ सादर करायची होती. व्याह्यांनी त्यांची बाजू एका रविवारी दुपारी, घरातून न हलता, तयार केली. आयर्लंडमधली १९०१ आणि १९११ सालची जनगणनेची मूळ पत्रके कोणालाही घरबसल्या फुकट पाहता येतात. ३१ मार्च १९०१ च्या रात्री घरात कोण कोण होते, त्यांचे वय काय, धर्म कोणता, कोणाला नुसते वाचता येते आणि कोणाला लिहितावाचता येते, हे सगळे कुटुंबप्रमुखाच्या सहीनिशी त्यात आहे. अमेरिकेत ही पत्रके बहात्तर वर्षे बंद ठेवतात आणि मग खुली करतात. १९४० सालची २०१२ मध्ये उघडली आणि १९५० सालची १ एप्रिल २०२२ रोजी. १९४० च्या पत्रकात तर घरभाडेही नोंदवलेले आहे, त्यामुळे व्याह्यांचे आजोबा महिन्याला किती भाडे भरत होते हे आता माझ्या पुतण्याला पाठ आहे. स्वतःचे आजोबा भाड्याने राहत होते की स्वतःच्या घरात, हे त्याने मला अजून एकदाही विचारलेले नाही.

व्याह्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलेली एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडली. त्यांची एक खापरपणजी १९०१ मध्ये सत्तावन्न वर्षांची होती आणि १९११ मध्ये एकाहत्तर. दहा वर्षांत ती चौदा वर्षांनी म्हातारी झाली, कारण मधल्या काळात, १९०९ च्या जानेवारीपासून, सत्तरी गाठलेल्यांना सरकारी पेन्शन सुरू झाले होते. आयर्लंडमध्ये जन्माची सक्तीची नोंदणी १८६४ साली सुरू झाली, तेव्हा तिच्या वयाचा कागद कोणाकडेच नव्हता, आणि तिच्यासारख्या हजारो लोकांनी त्याच दशकात असे घाईघाईने वय गाठले. माझ्या मते ही बाई सरळ आमच्या तालुक्यातली शोभली असती.

“काका, आता आपली बाजू,” असे पुतण्याने म्हटले, आणि तिथून माझे दशावतार सुरू झाले.

वास्तविक मोजण्याच्या बाबतीत आम्ही कोणाला हार जाणारे नव्हतो. हिंदुस्थानात १८७२ च्या सुमारास पहिली शिरगणती झाली आणि १७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री साऱ्या मुलखात एकाच वेळी दुसरी. त्या रात्री सुमारे पंचवीस कोटी माणसे मोजली गेली, आणि घरातल्यांच्या हिशेबाप्रमाणे दहाएक वर्षांचे असलेले आमचे पणजोबा त्यात असणारच. पुढे दर दहा वर्षांनी, १९३१ पर्यंत, एका ठरावीक रात्री प्रगणक कंदील घेऊन दारात उभा राहत असे. नवऱ्याचे नाव उखाण्याशिवाय तोंडातून न काढणाऱ्या बाईकडून अंधारात घरमालकाचे नाव वदवून घेणे हे काम कोणत्या गोऱ्या साहेबाने आखले असेल, याचे मला फार कुतूहल आहे. कारण महादेवाच्या पिंडीवर बेल वाहून होईपर्यंत पुढची चार घरे झोपी जात असतील. १९०१ पासून तर माणसागणिक एक चिठ्ठी आणि धर्माप्रमाणे चिठ्ठीचा रंग निराळा, इतका टापटिपीचा कारभार होता. एवढ्या खटाटोपातून जिल्ह्यात आंधळे किती, मुकेबहिरे किती, वेडे किती आणि महारोगी किती यांची कोष्टके छापली गेली, ती आजही वाचता येतात. आणि कोष्टके छापून झाल्यावर माणसांची नावे असलेली मूळ पत्रके नष्ट करण्यात आली.

म्हणजे आमचे पणजोबा वेडे नव्हते एवढे मी त्या छापील खंडांच्या आधारे फार तर शक्यतेच्या भाषेत सांगू शकतो, पण ते होते हे सांगू शकत नाही.

पत्रके इतरांचीही गेली आहेत, हे मला माहीत आहे. अमेरिकेची १८९० ची बहुतेक पत्रके १९२१ सालच्या आगीपायी गेली, इंग्लंडची १९३१ ची सगळी १९४२ च्या आगीत. पण आग लागली म्हटले की माणूस हळहळतो आणि गप्प बसतो. आपल्याकडे काम झाल्यावर कागद टाकून दिला, आणि स्वातंत्र्यानंतर त्यावर कायद्याचे झाकण बसवले. १९४८ च्या जनगणना अधिनियमाच्या पंधराव्या कलमाप्रमाणे ही नोंद कोणाला पाहता येत नाही आणि दिवाणी दाव्यात पुरावा म्हणूनही चालत नाही. बहात्तर वर्षे नाही, शंभर वर्षे नाही, मुदतच नाही. याउलट नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांमध्ये गाव आणि आडनाव सांगितले की सात-आठ पिढ्यांची नावे निघतात, आणि त्यासाठी त्यांनी कधी कंदील घेऊन दारोदार माणसे पाठवली नाहीत. अडचण एवढीच, की तिथे नाव लागायला पूर्वजाने गाडीभाडे आणि दक्षिणा खर्चून तिथवर जावे लागते, आणि आमच्या पणजोबांनी पंढरीपलीकडे पाऊल टाकल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही.

राहिले एकच दार. १९५१ च्या जनगणनेच्या वेळी मोजणीच्या चिठ्ठ्यांवरून गावोगाव, घरांच्या क्रमाने, नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर, म्हणजे एनआरसी, उतरवून ठेवले होते. आसाममुळे त्याचे नाव देशभर गाजले. महाराष्ट्रात ते काही तालुक्यांच्या रेकॉर्ड रूममध्ये रुमालात बांधून पडलेले आहे. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठा समाजाला कुणबी जातीचे दाखले देण्यासाठी जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा जे जे कागद तपासायचे ठरले त्यांत खासरा पत्रक, पाहणी पत्रक, जन्ममृत्यूचा गाव नमुना चौदा यांच्याबरोबर हे रजिस्टरही होते. त्यामुळे ज्या खोलीत पूर्वी वाळवीखेरीज कोणी जात नसे, तिच्या बाहेर आता बाकडी टाकावी लागली आहेत.

त्यातल्याच एका बाकावर, माझा अर्ज ‘हौस’ या प्रयोजनासह आत गेल्यावर, मी बसलो. शेजारी साठीचे एक गृहस्थ होते. पांढरी टोपी, मांडीवर साड्यांच्या दुकानाची पिशवी, आणि पिशवीत इतके कागद की तिचे बंद ताणून दोरीसारखे झाले होते.

“पाव्हणं, कुणाची नोंद?” त्यांनी विचारले.

“पणजोबांची.”

“किती एकर?”

मी म्हटले, जमिनीचा प्रश्न नाही.

“मग दाखला. पोराचा का नातवाचा?”

मी म्हटले, दाखलाही नको आहे.

ते थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग आवाज खाली आणून, एखाद्या आजारी माणसाची चौकशी करावी तसे विचारते झाले, “मग पणजोबा करायचाय काय?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ तेव्हा नव्हते. मी बॉस्टन, शाळा, आयर्लंड असे काहीतरी बोलू लागलो, पण एव्हाना त्यांनी मागच्या बाकाकडे वळून “ह्यांना पणजोबा पाहिजे, नुसता!” अशी वार्ता दिली होती आणि मला पाहायला दोघेतिघे उठून आले होते. एकाने चहा मागवला. दुसऱ्याने, माझ्यासमोरच, “पेन्शनर हैत,” असा खुलासा केला, आणि तेवढ्याने सगळ्यांचे समाधान झाले.

त्यानंतर त्या गृहस्थांनी पिशवीतून एक नक्कल काढली. मोडीतल्या जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदीची ती होती आणि तिच्यासोबत मोडी वाचणाऱ्याने देवनागरीत उतरवून दिलेला कागद होता. त्यांना ‘येसू बिन रामू’ हवा होता, निघाला मात्र ‘येसू बिन राघू’. वाचणाऱ्याचे पैसे तर देऊन झाले होते. “तुमच्या पणजोबाचं नाव काय म्हणालात?” त्यांनी विचारले.

मी म्हणालो नव्हतो, पण सांगितले. “राघू.”

“मग घेऊन टाका की!” ते म्हणाले. “आमच्याकडं हा जास्तीचाच निघालाय. वाचणावळीचे निम्मे द्या, बाकी काही नको.”

मी त्यांना म्हटले, की अहो, हे गाव माझे नाही. “प्लेगात कुठलं गाव जागेवर होतं?” ते म्हणाले. “समदी रानात झोपड्या घालून होती. गेला असंल हिकडं.” मी म्हटले, आडनाव वेगळे असणार. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. “दाखवा आडनाव.” आडनाव खरोखरच नव्हते, त्या काळच्या नोंदीत माणूस, बिन आणि बाप एवढेच असते, आणि बाई असली तर कोम आणि नवरा. मी वयाचा मुद्दा काढला. त्यांनी तो हाताने उडवून लावला. “वय कोण खरं लिवतंय?” आयर्लंडच्या खापरपणजीची गोष्ट ऐकल्यानंतर या मुद्द्यावर भांडण्यात अर्थ नव्हता. माझ्याजवळ माझ्या खऱ्या राघूचा एकही कागद नव्हता, आणि त्यांच्या परक्या राघूजवळ शिक्क्यासह नक्कल होती. पुराव्याच्या कायद्याप्रमाणे पाहिले तर त्यांचेच पारडे जड होते, आणि हे मला आजही सहन होत नाही.

हसण्याचे एवढेच. नातवाची प्रवेशाची मुदत जवळ आली आहे आणि जातीच्या दाखल्याला लागणारा १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा एक कागद मिळत नाही, हे त्यांनी मला चहा पिता पिता सांगितले. ती तारीख ते नातवाच्या वाढदिवसापेक्षा सहज उच्चारत होते. पलीकडून एक बाई, कोणाला उद्देशून नव्हे अशा सुरात, “गरजवाले मागं आन हौशी पुढं,” म्हणाल्या. मी ऐकून घेतले, पण राग मला त्यांचा आला नाही. ज्या सरकारच्या माणसांनी या मुलखातल्या प्रत्येक दारात कंदील नेला, नाव, वय, जात, धंदा विचारून घेतले आणि बेरीज झाल्यावर कागद फेकून दिला, त्याच सरकारचा वारस आज त्याच दारातल्या माणसाला म्हणतो, की तुझा पणजोबा कोण होता ते कागदानिशी सिद्ध कर. कागद कोणी हरवला हा प्रश्न अर्जाच्या कोणत्याही रकान्यात नसतो. आता नवी जनगणना मोबाइलवर भरून घेणार आहेत आणि तिच्यात जातही विचारणार आहेत. पंधरावे कलम आहे तिथेच आहे.

नक्कल मिळाली. लिपिकाने माझ्या गावाचे रजिस्टर शोधून काढले, एवढे श्रेय त्याला दिले पाहिजे, जरी ते देताना त्याने “घ्या, सापडला तुमचा छंद,” असे म्हटले तरी. रजिस्टर वाचताना पहिल्यांदा लक्षात येते ते हे, की १९५१ साली आमच्या गावात छत्तीस किंवा त्रेचाळीस वर्षांचा माणूसच नव्हता. सारे गाव पंचवीस, तीस, पस्तीस, चाळीस अशा टप्प्यांवर उभे होते. वयाच्या या गोलाईने जनगणनेचे अधिकारी पहिल्यापासून हैराण असत, आणि कोष्टके सरळ करायला विमागणिती बसवावा लागे. आमच्या घरात आजोबा पन्नास, वडील वीस आणि पणजी ऐंशी. तीन पिढ्यांच्या मध्ये बरोबर तीस-तीस वर्षे. पणजोबा हयात नव्हते, त्यामुळे ते फक्त ‘वडिलांचे अथवा पतीचे नाव’ या रकान्यात दोनदा ‘राघू’ म्हणून आले, म्हणजे जे मला ठाऊक होते तेवढेच शासनाने शिक्का मारून मला परत दिले. पणजीचे नाव मात्र मिळाले. घरात तिला सगळे ‘मोठी आई’ म्हणत आणि तिचे खरे नाव सांगणारे कोणी उरले नव्हते. तिचे नाव चिमणाबाई होते.

मी नक्कल मोबाइलवर पाठवली. पुतण्याचा फोन आला, की काका, वंशावळीच्या त्या संकेतस्थळाला नुसते वय चालत नाही, पूर्ण जन्मतारीख लागते. मी म्हटले, १ जून टाक. त्याच्या वडिलांची १ जूनच आहे, माझ्या वडिलांची शाळेच्या दाखल्यावर तीच आहे, आणि शाळा उघडताना गुरुजींनी ज्यांना ज्यांना दाखल करून घेतले त्या अर्ध्या महाराष्ट्राची तीच आहे. चिमणाबाई शाळेत गेली नाही म्हणून तिला वेगळी तारीख शोधत बसण्याचे मला कारण दिसले नाही. पुतण्याने सगळ्यांना तीच टाकली. आमची सारी पिढीजात मंडळी एकाच दिवशी जन्मलेली पाहून व्याह्यांनी आदराने विचारले, की तुमच्यात त्या दिवसाला काही धार्मिक महत्त्व आहे का, आणि पुतण्याने, स्पष्टीकरणाचा कंटाळा येऊन, हो म्हणून सांगितले. आता त्या दिवशी काय गोड करतात अशी सूनबाईंची विचारणा आली आहे. मी पुरणपोळी कळवली आहे.