चौथ्या पिढीची अणुभट्टी हवीय? आधी मंडळ काढा

पुढच्या पिढीची अणुभट्टी एकट्याने काढायच्या फंदात पडू नका. त्यात ती खरोखर बांधावी लागण्याचा धोका असतो. त्यापेक्षा चार देश गोळा करा, सनद लिहा, सह्या करा, फोटो काढा. २००१ साली अमेरिकेच्या पुढाकाराने नऊ देशांनी हेच केलं आणि 'जनरेशन फोर इंटरनॅशनल फोरम' जन्माला आला. पुढे स्वित्झर्लंड, युरोपची अणुऊर्जा संस्था युरॅटम, चीन, रशिया आणि ऑस्ट्रेलियाही आत आले. ऑस्ट्रेलियात अणुवीज कायद्यानेच बंद आहे. सभासदत्वाला त्याची आडकाठी नाही. उलट असा सभासद कधी वेळापत्रकात मागे पडत नाही.

निष्क्रिय मंडळींची सोय आधीच करून ठेवा. या फोरममध्ये 'निष्क्रिय सभासद' असा अधिकृत दर्जाच आहे. अर्जेंटिना आणि ब्राझील यांनी तो वर्षानुवर्षं निष्ठेने सांभाळला. ब्रिटनही बराच काळ त्यांच्या पंगतीत होता, २०१८मध्ये पुन्हा सक्रिय झाला. (हाऊसिंग सोसायट्यांनी हे कलम उपविधीत घालून घ्यावं, सभासद तयारच आहेत.)

डिझाइन एकच निवडाल तर बाकीचे रुसतील. म्हणून सहा निवडा. फोरमकडे शंभराच्या आसपास कल्पना आल्या होत्या, त्यांतून २००२मध्ये सहा उरल्या: सोडियमने थंड होणारी, शिशाने, वायूने, वितळलेल्या क्षारांची, प्रचंड दाबाखालच्या तापलेल्या ('सुपरक्रिटिकल') पाण्याची आणि अतिउच्च तापमानाची. ज्याला जे गोड लागेल ते त्याने वाढून घ्यावं. तारीख मात्र अशी द्या की सही करणारे मंत्री तोवर निवृत्त झालेले असतील. त्या वेळच्या आराखड्यात २०३० होती.

आता भागीदार कसा निवडावा? जपानकडे बघा. त्यांची मोन्जू ही सोडियमची भट्टी. सोडियम उष्णता झकास वाहून नेतो, दाबाखाली ठेवावा लागत नाही. फक्त हवा लागली की पेटतो आणि पाणी लागलं की भडकतो. डिसेंबर १९९५मध्ये तिथल्या पाइपातल्या तापमापकाची नळी मोडली, सोडियम बाहेर आला, आग लागली. चालवणाऱ्या सरकारी संस्थेने गळतीच्या व्हिडिओला कात्री लावून लोकांसमोर ठेवला आणि तेही उघडकीस आलं. चौदा वर्षांनी भट्टी पुन्हा सुरू झाली, तर चार महिन्यांच्या आतच इंधन बदलण्याचं तीन टनांहून जड यंत्र थेट भट्टीच्या पात्रात पडलं. २०१६च्या डिसेंबरात मोन्जू मोडीत काढायचं ठरलं.

पण घाबरायचं कारण नव्हतं, सहकार्य होतं ना! जपानने २०१४मध्येच फ्रान्सच्या नियोजित सोडियम भट्टीचा, म्हणजे 'अ‍ॅस्ट्रिड'चा हात धरून ठेवला होता. ती ६०० मेगावॅटची व्हायची होती. फ्रान्सने आधी तिचा आकार घटवला आणि २०१९मध्ये फाईलच मिटली. चौथ्या पिढीचं आता शतकाच्या उत्तरार्धात बघू, असं जाहीर झालं. मग २०२२च्या जानेवारीत जपानने बिल गेट्स यांच्या टेरापॉवर या अणुभट्ट्या बनवू पाहणाऱ्या अमेरिकी कंपनीशी करार केला.

या टेरापॉवरची कुंडलीही बघून ठेवा. कंपनीला पहिली भट्टी चीनमध्ये चीनच्या सरकारी कंपनीबरोबर बांधायची होती. २०१८मध्ये अमेरिकी सरकारने चीनला अणुतंत्रज्ञान देण्यावर निर्बंध आणले आणि ती सोयरीक मोडली. मग कंपनीने अमेरिकेतल्याच वायोमिंगमधलं केमरर हे कोळशाचं गाव गाठलं. या भट्टीला नेहमीपेक्षा जास्त समृद्ध युरेनियम लागतं, आणि ते व्यापारी प्रमाणावर विकणारं दुकान जगात एकच होतं, रशियाचं. फेब्रुवारी २०२२मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. डिसेंबरमध्ये कंपनीने सांगितलं, किमान दोन वर्षं उशीर होईल. अमेरिका, चीन, जपान, फ्रान्स आणि रशिया हे पाचही त्या फोरमचे सभासद आहेत, हे विसरू नका. म्हणूनच इंधन कोण देणार हा प्रश्न अजेंड्यावर घेऊ नये. विनाकारण वातावरण बिघडतं.

अस्सल सहकार्य कसं असतं ते जर्मनीकडून शिका. चेंडूएवढ्या गोट्यांच्या रूपातलं इंधन वापरणारी उच्च तापमानाची भट्टी जर्मनांनी युलिशमध्ये घडवली, पुढे मोडीत काढली. तेच ज्ञान चिन्यांनी नीट वहीत उतरवून घेतलं. एप्रिल २०२३मध्ये जर्मनीने आपल्या शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये चीनच्या शिदाओ उपसागरावर तशाच गोट्यांच्या भट्टीतून व्यापारी वीज सुरू झाली. त्यासाठी संयुक्त निवेदन लागलं नाही, म्हणून हा प्रकार कुणी यशोगाथेत धरत नाही.

आणि तुम्ही भारतीय असाल, तर तुम्हाला या फोरमचं आमंत्रणच नाही. आपण कल्पाक्कमला स्वतःची ५०० मेगावॅटची सोडियमची भट्टी २००४मध्ये बांधायला घेतली, २०१०ला वीज देऊ म्हणालो आणि गाभा भरायला सुरुवात केली मार्च २०२४मध्ये. म्हणजे उशिराच्या बाबतीत आपण त्या मंडळींच्या तोडीस तोड आहोत. फक्त बैठकीत बोट दाखवायला शेजारी दुसरा देश नसतो. एवढ्यासाठी तरी सभासदत्वाचा अर्ज करून टाका. निष्क्रिय सभासदाच्या रकान्यात खूण करायला विसरू नका.