ड्रॅगनचा तंग कोठे आवळावा?

एखादे पुस्तक फार आवडले तर ते दुसऱ्याला वाचायला द्यावे, त्याने ते परत केले नाही म्हणून काही वर्षे कुढावे आणि विषय संपवावा, ही आपल्याकडची सनदशीर पद्धत आहे. पुस्तकातील प्राण्याचे चित्र काढायला बसणे हे त्या पद्धतीत बसत नाही. विशेषतः तो प्राणी सुमारे वीस टन वजनाचा, काळाकुळकुळीत, उडणारा आणि ब्रिटिश सरकारच्या नोकरीत असेल तर मुळीच नाही.

नेओमी नोविक या अमेरिकन लेखिकेची ‘टेमेरेअर’ ही नऊ कादंबऱ्यांची मालिका २००६ ते २०१६ या काळात प्रसिद्ध झाली. काळ नेपोलियनच्या युद्धांचा आणि तपशील बराचसा खऱ्या इतिहासातला. फरक एवढाच की या इतिहासात घोडदळ, पायदळ आणि आरमार यांच्या जोडीला देशोदेशींची ड्रॅगनदळेही आहेत. विल्यम लॉरेन्स हा ब्रिटिश आरमारातील अतिशय शिस्तीचा कप्तान एक फ्रेंच जहाज पकडतो, त्यात एक अंडे सापडते, अंड्यातून टेमेरेअर बाहेर येतो आणि लॉरेन्सची आरमारी कारकीर्द तेथेच आटोपते. हा ड्रॅगन बोलतो, वाद घालतो, पुढे आपल्या जातभाईंसाठी हक्क मागतो आणि फावल्या वेळात लॉरेन्सकडून न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ वाचून घेतो. पहिला भाग माझ्या हाती देताना भाचा म्हणाला होता, “मावशी, यात ड्रॅगन आहेत, पण तुला चालेल.” मला चालले, आणि इतके चालले की नवव्या भागाअखेरपर्यंत घरातला स्वयंपाक खिचडीच्या पुढे सरकला नाही.

येथे थांबले असते तर कोणाचेच काही बिघडले नसते. परंतु २०१७ साली या लेखिकेचा एक कथासंग्रह निघाला आणि त्यातील कथा तिने वाचकांनी काढलेल्या चित्रांवरून लिहिल्या होत्या. म्हणजे आधी कोणा वाचकाने आपल्या घरी बसून ड्रॅगन काढला आणि मग लेखिकेला गोष्ट सुचली. ज्या व्यक्तीने शाळेत असताना चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा ‘ब’ श्रेणीत उत्तीर्ण केली आहे आणि जिचे प्रमाणपत्र अजूनही रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवलेले आहे, तिच्या कानी अशी बातमी पडू देऊ नये.

त्या परीक्षेतील विद्या येथे उपयोगी पडेल, असा माझा समज होता. स्मरणचित्राच्या पेपरात आठवडी बाजार, पंढरीची वारी किंवा पावसातला बसथांबा काढताना माणसे पाठमोरी काढावीत म्हणजे चेहऱ्याचा प्रश्न मिटतो, हात पिशवीमागे ठेवावेत म्हणजे बोटांचा मिटतो आणि पावले गवतात लपवावीत म्हणजे सगळाच मिटतो, ही आमच्या पिढीची गुरुकिल्ली होती. ड्रॅगन आकाशात असतो. आकाशात गवत नसते. शिवाय टेमेरेअर हा चिनी राजघराण्याशी नाते सांगणाऱ्या जातीचा असल्यामुळे त्याच्या पायाला पाच नख्या असतात आणि चीनमध्ये पाच नख्यांचा ड्रॅगन हे बादशहाचे चिन्ह असल्याने एखादी नखी कमी काढून वेळ मारून नेण्याचीही सोय नाही.

मुख्य अडचण मात्र खांद्यांची आहे. पक्षी असो की वटवाघूळ, त्याने पंख मिळवले ते पुढचे दोन पाय देऊन. निसर्गाचा हा व्यवहार रोखीचा आहे. या ड्रॅगनला चार पाय आहेत ते आहेतच, वर पाठीवर दोन पंख. मग पंखांचा खांदा पायांच्या खांद्याच्या मागे बसवायचा की वर, आणि एवढे धूड उचलणारे स्नायू कोठे चिकटवायचे? कादंबरीत याचे उत्तर आहे: ड्रॅगनच्या शरीरात हवेच्या पिशव्या असतात आणि त्यामुळे तो वजनाच्या मानाने हलका होतो. उत्तर सुरेख आहे, पण हवेच्या पिशव्या वाचता येतात, काढता येत नाहीत. उच्चेलो या इटालियन चित्रकाराने १४७० च्या सुमारास संत जॉर्जच्या भाल्यापुढे जो ड्रॅगन उभा केला, त्याला त्याने दोनच पाय दिले. चेन रोंग या चिनी चित्रकाराने १२४४ साली एका लांबलचक गुंडाळीवर शाईने नऊ ड्रॅगन रंगवले. त्यांना पंख मुळीच नाहीत आणि अंगाचे अवघड भाग त्याने ढगांत नेऊन ठेवले आहेत. थोर माणसे काय टाळतात ते पाहून शिकावे, हे मला पटले होते, पण नोविकबाईंनी काहीच टाळलेले नसल्यामुळे माझा नाइलाज होता.

शेवटी पंखासाठी माळ्यावरची जुनी छत्री अर्धी उघडून खुर्चीला बांधली आणि पायांसाठी ट्यूबलाइटमागे राहणाऱ्या पालीवर भिस्त ठेवली. छत्रीने उत्तम सहकार्य केले. पाल मात्र, एरवी पाहुण्यांसमोर भिंतभर फिरणारी, मी पेन्सिल हातात घेताच फोटोफ्रेमच्या मागे जाऊन बसे आणि शेपटीचे टोक तेवढे अभ्यासासाठी बाहेर ठेवी. त्यामुळे माझ्या टेमेरेअरची शेपूट आजही निर्दोष आहे.

एवढे सगळे जमवून कार्ट्रिज कागदावर ड्रॅगन उतरला तेव्हा खरे संकट समोर आले, आणि ते म्हणजे त्याचे सामान. या मालिकेतला ड्रॅगन मोकळा उडत नाही. त्याच्या अंगावर चामडी पट्ट्यांचा मोठा साज असतो, त्या पट्ट्यांना अडकून डझनावारी माणसे लढतात, कोणी पाठीवर बंदुका घेऊन, तर कोणी पोटाखालच्या जाळीत बॉम्बगोळे सांभाळत. वाचताना हे सगळे इतके स्वाभाविक वाटते की पट्टा कोठून निघून कोठे जातो, असा प्रश्न माझ्या मनाला शिवलाही नव्हता. तो सासूबाईंना पडला.

सासूबाईंच्या माहेरी टांग्याचा धंदा होता. त्यांनी चष्मा पुसला, कागद खिडकीशी नेला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

“हा पट्टा पाठीवरून खाली गेला. पुढे?”

“पोटाखालून पलीकडे, आई.”

“मधे पंख आलाय की. दोनदा फडफडला तर कातडं सोलून निघेल जनावराचं. तंग असा नसतो आवळायचा.”

त्यानंतर मला जे ज्ञान मिळाले ते कोणत्याही कलामहाविद्यालयात मिळाले नसते. तंग, म्हणजे पोटाखालून आवळायचा पट्टा, पुढच्या पायांच्या जरा मागे यावा आणि आवळल्यावर आत दोन बोटे गेली पाहिजेत. चढावर खोगीर मागे सरकते म्हणून छातीवरून एक पट्टा हवा. उतारावर ते पुढे येते म्हणून शेपटीखालून दुमची हवी. “हा तर उडतो म्हणतेस,” सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे चढ आणि उतार दोन्ही आले. आणि उलटा झाला तर माणसं?” माणसे कमरेच्या पट्ट्याला लावलेल्या कॅराबिनर नावाच्या कड्यांनी साजाला अडकवलेली असतात, गिर्यारोहक वापरतात तसल्याच, हे मी अभिमानाने सांगितले. “मग त्या कड्या कुठायत?” हा पुढचा प्रश्न होता.

कड्यांचे गणित असे की वीस टनांचा ड्रॅगन एका कागदात मावायचा तर त्याच्या पाठीवरचा माणूस मुगाच्या दाण्याएवढा होतो, आणि त्या मुगाच्या कमरेची कडी ही टोक काढलेल्या पेन्सिलीपेक्षाही बारीक पडते. हे मी सासूबाईंना समजावून सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि निघताना, मला वाईट वाटू नये म्हणून, रेड्याचे तोंड मात्र अगदी हुबेहूब आल्याचे सांगितले.

अशा वेळी माणूस थोरामोठ्यांकडे वळतो. ज्या जहाजावरून या ड्रॅगनचे नाव ठेवले ते ९८ तोफांचे टेमेरेअर १८०५ साली ट्रॅफल्गारला लढले आणि १८३८ मध्ये मोडीत निघाले. त्याला ओढून नेतानाचे टर्नरचे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. प्रत्यक्षात तेव्हा जहाजाच्या डोलकाठ्या आधीच काढून टाकलेल्या होत्या, पण टर्नरने त्या दिमाखात उभ्या ठेवल्या आणि इंग्रजांनी ते चित्र डोक्यावर घेतले. ड्यूरर या जर्मन चित्रकाराचे तर त्याहून नवल. गुजरातच्या सुलतानाने दिलेला एक गेंडा १५१५ साली गोव्याहून जहाजाने लिस्बनला पोहोचला. ड्यूररने तो जन्मात पाहिला नाही, न्यूरेम्बर्गमध्ये बसून केवळ वर्णन आणि एक कच्चे रेखाटन यांच्या बळावर त्याला चिलखतासारखे पत्रे चढवले, मानेवर एक जादा शिंगही दिले, आणि युरोप पुढची दोनशेहून अधिक वर्षे गेंडा असाच असतो असे मानत राहिला. ड्यूरर विवाहित होता, म्हणजे त्यालाही सासूबाई असणारच. पण त्यांच्या माहेरी टांगा नसावा.

मी मग मोर्चा माणसांकडे वळवला. कादंबरीतल्या ड्रॅगनवाल्या हवाई दळाचा गणवेश बाटलीसारख्या गडद हिरव्या रंगाचा, हा रंग खोक्यात तयार मिळतो, हे त्यातले एकमेव सुख. लॉरेन्स आरमारातून आलेला असल्यामुळे बाकीचे वैमानिक गबाळे राहिले तरी त्याच्या गळ्याचे पांढरे वस्त्र नीट बांधलेलेच हवे, आणि माझ्या हातून ते दर वेळी गळ्याला बँडेज बांधल्यासारखे होते. १८०३ साली असईच्या लढाईत मराठ्यांना हरवल्यामुळे आपल्याला चांगलाच परिचित असलेला इंग्रज सेनापती वेलस्ली पाचव्या भागात येतो. त्याचे बाकदार नाक मला पहिल्या फटक्यात जमले, कारण त्या नाकाला कितीही बाक दिला तरी तो इतिहासाला मान्य आहे. मराठी माणसाने वेलस्लीचे नाक मन लावून काढावे आणि त्याची वाहवा व्हावी, याला काय म्हणावे ते मला कळत नाही. पण वाहवा मिळाली ती तेवढीच, त्यामुळे मी ती घेतली.

भाच्याने आता इस्किएर्काची फर्माईश केली आहे. ही तुर्की जातीची, आग ओकणारी, अत्यंत तापट ड्रॅगनीण असून तिच्या अंगावरच्या काट्यांतून सतत वाफ निघत असते, हे आठवल्याबरोबर माझा निम्मा भार हलका झाला. वाफ कापसाने कागद पुसूनही निघते. वाफेत खांदे जातात, तंग जातो, दुमची जाते, कड्या जातात. चित्र झपाट्याने पुरे झाले आणि मी ते आपणहून सासूबाईंपुढे ठेवले. त्यांनी चष्मा पुसला.

“एवढी वाफ रात्रंदिवस?”

“हो, आई.”

“मग चामडं भिजून सैल पडत असेल की गं. यांचा चांभार कोण?”