कर्ज मिळालं, पुढे कोण आहे?

लाडकी बहीण योजना सुरू झाली आणि आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक वाद कायमचा मुक्कामाला आला. 2024 च्या जुलैपासून पात्र महिलांना महिन्याला 1500 रुपये लागू झाले. काका म्हणतात, अशाने राज्याची तिजोरी रिकामी होईल. द्यायचेच तर धंद्याला द्या, चार हातांना काम मिळेल. आत्तेबहीण म्हणते, पहिल्यांदा बाईच्या स्वतःच्या नावावर पैसे आले, ते कुणाच्या डोळ्यांत का खुपावेत? मग दोघंही माझ्याकडे वळतात. "तू सांग, तुमच्या अमेरिकेत असलं काही असतं का? तिथे ज्याचा तो आपल्या पायावर उभा राहतो."

असतं, आणि पुष्कळ असतं. स्मॉल बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन हे सरकारी खातं 1953 पासून आहे. त्याच्या मुख्य योजनेत कर्ज बँक देते आणि मोठ्या हिश्शाची हमी हे खातं घेतं: दीड लाख डॉलरपर्यंतच्या कर्जाला 85 टक्क्यांपर्यंत, त्यापुढच्या कर्जाला 75 टक्क्यांपर्यंत. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना बँका वर्षानुवर्षं कर्ज नाकारत आल्या, म्हणून 1977 मध्ये कायदा झाला: ज्या भागातून ठेवी गोळा करता, त्या भागातल्या गरीब वस्त्यांच्याही गरजा भागवा. शहरांना वस्ती सुधारण्यासाठी 1974 पासून केंद्राचं अनुदान मिळतं. त्यातला किमान 70 टक्के पैसा कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या उपयोगी पडावा लागतो, आणि तो कुठे लावायचा हे ठरवताना जाहीर सुनावणी घ्यावी लागते. तेव्हा "अमेरिकेत सरकार मध्ये पडत नाही" हे वाक्य ग्रुपवरून काढून टाकावं, एवढी माझी विनंती आहे.

पण रकमेपेक्षा मला इथली दुसरीच एक गोष्ट मोलाची वाटते.

माझी एक मैत्रीण इथे कोलंबसमध्ये घरून केक आणि नानकटाई करून विकते. कर्ज घेऊन मोठा ओव्हन आणायचा तिचा विचार होता. मी तिच्याबरोबर छोट्या उद्योगांच्या सल्ला केंद्रात गेले. अशी केंद्रं देशभर आहेत, बरीचशी कॉलेजांच्या आवारात; खर्चाचा काही भाग केंद्र सरकार उचलतं, बाकीचा राज्य आणि कॉलेज. सल्ल्याचे पैसे लागत नाहीत. तिथल्या बाईंनी कर्जाच्या अर्जाला हातही लावला नाही. एक कोरा तक्ता पुढे ठेवला, वर बारा महिने, खाली येणं आणि जाणं. "नाताळ संपल्यावर जानेवारीत ऑर्डरी निम्म्या होतील, तेव्हा हप्ता कुठून भराल?" मग बोट एका रकान्यावर ठेवून विचारलं, "मैदा आहे, लोणी आहे, डबे आहेत. तुमच्या स्वतःच्या तासांचे पैसे यात कुठे आहेत?" मैत्रीण गप्प झाली. तिने ते कधी धरलेच नव्हते. तासाभरात तिच्या केकची किंमत वाढली आणि कर्जाची रक्कम निम्म्यावर आली. काही महिन्यांनी त्याच बाईंचा आपणहून फोन आला: तक्ता कसा चाललाय?

इथली सर्वांत लहान सरकारी कर्जयोजना 50,000 डॉलरपर्यंतची आहे. हे पैसे ना-नफा संस्थांमार्फत जातात. या संस्थांना सरकार कर्जवाटपासाठी रक्कम देतं, आणि कर्जदाराला शिकवण्यासाठी, त्याच्याबरोबर बसण्यासाठी वेगळं अनुदान देतं. शेजारी बसणाऱ्या माणसाचा पगार इथे योजनेतच धरलेला आहे.

इथलं सगळं गोड आहे असं नाही. 2020 मध्ये करोनात छोट्या धंद्यांना नोकरांचे पगार देता यावेत म्हणून कर्जयोजना आली. पहिले 349 अब्ज डॉलर दोन आठवड्यांच्या आत संपले. ज्यांची मोठ्या बँकेत जुनी ओळख होती त्यांची कामं आधी झाली, कोपऱ्यावरचे न्हावी आणि खाणावळवाले मागे राहिले. पुढे खात्याचा कारभार तपासणाऱ्या सरकारच्याच महानिरीक्षकांनी अंदाज दिला की करोनाकाळातल्या दोन योजनांतून 200 अब्ज डॉलरपेक्षा जास्त रक्कम गैरमार्गाने गेली असावी. वृत्तपत्रं न्यायालयात गेली, म्हणून कुणाला किती कर्ज मिळालं ती यादी नावानिशी जाहीर झाली. आणि 2025 च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला की गरीब वस्त्यांतल्या वित्तसंस्थांना बळ देणारा फंड कायद्याने भाग पाडलंय तेवढाच ठेवायचा, बाकी कमी करायचा. म्हणजे "फुकट वाटू नका" हा सूर इथेही आहे, आणि त्याचा पहिला वार अशाच संस्थांवर होतो. याचं मला फार वाईट वाटतं.

आता घराकडे बघू. कर्जाच्या योजना आपल्याकडे कमी नाहीत. छोट्या धंद्यांसाठीची मुद्रा कर्जयोजना 2015 मध्ये आली, पहिला टप्पा 50,000 रुपयांपर्यंतचा. फेरीवाल्यांसाठी 2020 मध्ये स्वनिधी आली. नवा उद्योग काढणाऱ्यांसाठीच्या पीएमईजीपी योजनेत प्रकल्पखर्चाच्या 15 ते 35 टक्के अनुदान आहे. काकांना हवंय ते, म्हणजे धंद्याला पैसे, कागदावर आहेच. अडतं त्यापुढे. तालुक्याच्या गावात प्रोजेक्ट रिपोर्ट एजंट लिहून देतो. शेळीपालन असो की पिठाची गिरणी, मजकूर तोच, फक्त आकडे आणि नाव बदललेलं. ज्या बाईच्या नावावर कर्ज आहे तिने तो वाचलेलाही नसतो. बँकेला उद्दिष्ट पूर्ण करायचं असतं, एजंटला त्याचं कमिशन. पहिला हप्ता थकेपर्यंत तिची विचारपूस कुणी करत नाही.

आणि तरी मी म्हणते, आपल्याकडे जे आहे ते इथे मुळात नव्हतं. शेती आणि ग्रामीण विकासासाठीच्या नाबार्ड बँकेने बचत गटांना बँकांशी जोडायला 1992 मध्ये सुरुवात केली. राज्याचं महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, तर 1975 पासून काम करतंय. दक्षिण आशियातली ही गटाने कर्ज घ्यायची रीत 2008 मध्ये ग्रामीण अमेरिका या संस्थेच्या रूपाने न्यूयॉर्कला पोचली. इथल्या बायकाही पाच-पाच जणींचा गट करून कर्ज घेऊ लागल्या. शेजारी बसणारं माणूसही आपल्याकडे आहे. ग्रामीण बचत गटांसाठीच्या सरकारी उमेद अभियानात गावोगावी गटांना मार्गदर्शन करणाऱ्या सीआरपी ताई आहेत. गावातल्या लोकांना धंद्याचं प्रशिक्षण देणाऱ्या आरसेटी केंद्रांच्या नियमांत तर प्रशिक्षणानंतर दोन वर्षं पाठपुरावा करायचा असं लिहिलेलंच आहे.

माझी वहिनी बार्शीजवळच्या एका गावात बचत गट चालवते. त्यांची शेंगाचटणी खरोखर उत्तम असते. उखळात कुटलेली, तेल सुटलेली. किंमत ठरवताना शेंगदाणे, लसूण, तिखट, पिशवी एवढंच धरायच्या. दोघींची सकाळभराची कांडणी त्यात नव्हती. इथल्या त्या बाईंनी माझ्या मैत्रिणीला विचारलं तेच गावच्या सीआरपी ताईंनी वहिनीला विचारलं: "तुमची मजुरी कोण देणार?" त्यांनीच पाकिटावर वजन, तारीख आणि अन्न परवान्याचा क्रमांक घालायला लावला. त्यांच्याकडे तक्ता नव्हता, मुलाच्या वहीचं मागचं पान होतं. काम मात्र तेच, आणि तितकंच चोख. या ताईंना पगार नाही, तुटपुंजं मानधन मिळतं, तेही वेळेवर नाही. उमेदच्या महिला त्यासाठी मुंबईत आंदोलनाला बसल्या, तेव्हा आमच्या ग्रुपवर एकाही बाजूने चकार शब्द निघाला नाही. 1500 रुपयांवर रोज भांडणाऱ्या लोकांनी त्या बातमीवर का थांबू नये, हे मला कळत नाही.

दुसरी गोष्ट बिलांची. वहिनीच्या गटाला एका सरकारी कार्यालयाकडून दिवाळीची मोठी ऑर्डर मिळाली. माल वेळेवर पोचला. पैसे शिमगा उलटून गेला तरी आले नाहीत. शेंगदाणे उधारीवर घेतले होते, व्यापारी दारात येऊ लागला, शेवटी एकीने कानातलं गहाण ठेवलं. या काळात गटाला आणखी कर्ज द्यायला बँक तयार होती. त्यांना कर्ज नको होतं, त्यांचे स्वतःचे पैसे हवे होते.

इथे 1982 चा कायदा आहे. केंद्र सरकारच्या खात्याने साधारणपणे 30 दिवसांत बिल दिलं नाही, तर व्याज आपोआप लागतं. पुरवठादाराला मागावंही लागत नाही. आपला लघुउद्योगांसाठीचा 2006 चा एमएसएमई कायदा कागदावर याहून कडक आहे. 45 दिवसांच्या पुढे गेलं की बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. पण ते मिळवायला वहिनीला या कायद्याखाली थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या परिषदेकडे तक्रार करावी लागेल, ज्या साहेबाकडून पुढची ऑर्डर यायची त्याच्याच कार्यालयाविरुद्ध. गावात राहून कोण करेल? तिने केली नाही. मी तिच्या जागी असते तर मीही केली नसती.

म्हणून माझं मागणं नव्या योजनेचं नाही. सीआरपीचं मानधन ठरलेल्या तारखेला द्या आणि ते पगार म्हणता येईल इतकं करा. आणि सरकारी खात्याकडून बिल रखडलं तर व्याज आपोआप लावा, तक्रारीची वाट न पाहता. त्यासाठी नवा अर्ज नको, नवं पोर्टलही नको. गटाचा उद्यम नोंदणी क्रमांक आणि बिलाची तारीख, दोन्ही सरकारकडे आधीच आहेत.